उजवीकडची पट्टी

“साहेब, उजवीकडची पण काढू का?”

आवाज दौलतचा. हळू, जरासा घोगरा. उत्तर ठाऊक असूनही समोरच्याला जागा ठेवून विचारल्यासारखा. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. अजूनही कुणी मागून ‘साहेब’ म्हणून हाक मारली की त्यापुढचे शब्द माझ्या कानात आपसूक येऊन बसतात.

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळी दहालाच ओटा भरून जायचा. मी तिथे नवा. सत्तावीस वर्षांचा, एका मोठ्या कॉलेजातून शिकून आलेला, हृदयाच्या वॉर्डात वर्षभर घासलेला. ईसीजीची पट्टी हातात आली की कुठल्या नळीत गाठ अडकली ते मी सांगू शकतो, असं मी आल्या आल्याच चार जणांना ऐकवून ठेवलं होतं.

दौलत दारात आला. तो आमचा ईसीजी काढणारा. वय पंचेचाळीसच्या पुढे, केसांत पांढरं, खाकी शर्टाच्या खिशात कायम गॉजची एक गुंडाळी.

“साहेब, सगुणाक्काला जरा बघता का? घाम फुटलाय तिला.”

“केसपेपर काढलाय?”

“काढतो मागून. आधी पडू द्या तिला.”

मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

सगुणाबाई कासारीण सगळ्या दवाखान्याला माहीत होती. दर मंगळवारी बांगड्यांची पाटी घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डात यायची. पाचवीच्या आत बाळंतिणीच्या हातात हिरवी काकणं पडली पाहिजेत, असा तिचाच एक नेम होता. आज पाटी लिंबाखाली ठेवून ती दौलतचा दंड धरून आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

“काही नाही हो दादा,” ती मला म्हणाली, “रात्री भरीत खाल्लं, तेच वर आलंय. माझ्या बाळंतिणी खोळंबल्यात तिकडं.”

“दुखतंय कुठं?”

तिने तळवा छातीच्या खाली, पोटाच्या वर ठेवला. “हितं. कुणी वरवंटा ठेवावा तसं. आन् जबडा जड झालाय. बोलावं वाटंना.” मग दौलतकडे बघून म्हणाली, “मला बोलावं वाटंना म्हंजे बघ आता.”

दौलत हसला, पण त्याचे हात हसत नव्हते. तिला आडवी करून तो मशीन ओढायलाही लागला होता.

ईसीजीची खोली म्हणजे आधीची मलमपट्टीची खोली. एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर कालव्याचा पाट. आमचं मशीन जुनं होतं. हातापायांना चार चिमटे लावायचे आणि छातीवर एकच रबरी फुगा सहा जागी फिरवायचा. प्रत्येक जागी थोडा थोडा कागद चालवायचा. कागदाची गुंडाळी जिल्ह्याहून यायची, महिन्याला एक. म्हणून दवाखान्याचा रिवाज असा पडला होता की ठरलेल्या बारा पट्ट्यांपलीकडे बोटभर कागद चालवायचा तर डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे.

सगुणाबाईच्या दोन्ही हातांत मनगटापासून पार वरपर्यंत काकणं होती. चिमटा बसायला जागा नव्हती. आमच्या भागात बायका दवाखान्यात काकण उतरवायला तयार व्हायच्या नाहीत. उतरवलं की पुन्हा भरायची वेळ येईल का, अशी भीती. दौलतने त्यावर आपली एक रीत काढली होती. काकणं कोपराकडे सरकवायची, खिशातली गॉज काढून त्यांच्यावर दोन वेढे द्यायचे आणि सुटी गाठ मारायची. एक काकण न वाढवता त्याने शेकडो बायांच्या पट्ट्या काढल्या होत्या.

“अख्ख्या तालुक्याला मी भरली,” सगुणाबाई म्हणाली, “मला असं बांधणारा तूच पहिला.”

“हलू नको आक्का. रेघ हलती.”

“हात सैल सोडा,” मी म्हणालो.

ती डोळे मिटून होती, तरी तिला हसू आलं. “हे माझं बोलणं तुम्ही कुठं शिकलात?”

आणि तशा अवस्थेतही, ओठांतल्या ओठांत, तिने आपली ओवी म्हटली. ती प्रत्येक बाळंतिणीपाशी म्हणायची. वॉर्डावरून जाताना मी ऐकली होती.

“काकण भरते बाई, हात ढिला सोड,
एवढीशी कळ सोस, मग सारं गोड.”

दौलत फुगा लावत होता. बायकांच्या छातीवर फुगा लावताना तो मान वळवून खिडकीतून पाटाकडे बघायचा आणि पदराखालून नुसत्या बोटांनी बरगड्या मोजायचा. एक, दोन, तीन, चार. त्याची जागा कधी चुकली नाही. डोळे उघडे ठेवून लावणाऱ्या माझ्या कॉलेजातल्या मित्रांच्या चुकायच्या.

इथं दौलतबद्दल दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्याचे वडील पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या वावराला कधी सोडायचं, कुठलं दार किती उचलायचं, हे ते बघायचे. दौलत लहानपणी त्यांच्यामागे पाटाच्या कडेने फिरला होता. सातवीनंतर शाळा सुटली, शिपाई म्हणून दवाखान्यात लागला, मशीन आलं तेव्हा कुणी हात लावेना म्हणून त्याने लावला. मग जुन्या पट्ट्या आणि डॉक्टरांनी त्यांवर मारलेले शेरे पुन्हा पुन्हा वाचून तो शिकत गेला. मी आलो त्या आठवड्यातच एकदा त्याने मला सहज सांगितलं होतं:

“साहेब, पिकाकडं बघितलं की कळतं पाणी कुठं तुटलंय. खालचं वावर सुकलं तर खालची चारी अडली. समोरचं सुकलं तर समोरची. चारीत कुणी उतरून बघत नाही, रोपं सांगत्यात. ही पट्टी म्हंजे रोपंच की.”

मला कॉलेजात तीन तास लागले होते ते समजायला. मी म्हणालो होतो, “बरं.”

दुसरी गोष्ट अशी की दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, शिंत्रे, मला चारचौघांत म्हणाले होते, “अहो, पट्टी आली की आधी दौलतला दाखवत जा. तो काय म्हणतो बघा, मग आपलं डोकं चालवा.” ते हसून म्हणाले होते. ओट्यावरचे पेशंटही हसले होते. मीही हसलो होतो.

पट्टी बाहेर आली. दौलतने ती फाडून माझ्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरला. मी खिडकीपाशी गेलो. रेघा खणखणीत होत्या. खालच्या भिंतीकडे बघणाऱ्या तिन्ही रेघा उचललेल्या, आणि दुसरीपेक्षा तिसरी जास्त. कुणीही ओळखावी अशी.

“झटका आहे,” मी म्हणालो. “हृदयाच्या खालच्या भिंतीला. उजवी नळी तुंबलीय.”

मी ते जरा मोठ्यानेच म्हणालो. कोणासाठी म्हणालो, कोण जाणे. खोलीत आम्ही तिघंच होतो.

सगुणाबाईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे.

“दौलत, तू बघितली का रे?”

“साहेबांनी बघितली आक्का.”

“ते झालं. तू बघितली का?”

पट्टी माझ्या हातात होती. मी बोलायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मागून तो आवाज आला.

“साहेब, उजवीकडची पण काढू का?”

रबरी फुगा अजून त्याच्या हातात होता. चार बोटं पलीकडे, छातीच्या उजव्या बाजूला सरकवायचा, इतकंच काम. अर्धं मिनिट. वीतभर कागद.

“नको,” मी म्हणालो. “कागद फुकट येत नाही. सांगितलं तेवढं कर.”

दौलतने फुगा खाली ठेवला.

मी बाहेर जाऊन जोसेफिन सिस्टरला हाक मारली. इंजेक्शन, सलाइन, जिल्ह्याला न्यायला गाडी, सगळं सांगितलं. छातीत दुखणाऱ्या माणसाला द्यायची जिभेखालची गोळी मी स्वतः फोडली आणि सगुणाबाईला दिली. त्या काळी ती गोळी देणं म्हणजे पाणी देण्यासारखं होतं, सगळ्यांनाच द्यायचे.

“जिभेखाली धरा. गिळू नका. थोडं सोसा आता, कळ कमी होईल.”

तिने गोळी धरली. बोलताना शब्द जड येत होते. “मग सारं गोड?”

“हो,” मी म्हणालो.

पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही म्हणून मी दुसरी गोळी दिली. ती दिल्यावर काही वेळाने तिच्या तोंडावरचा रंग असा उतरला, जसा पाट बंद केल्यावर चारीतलं पाणी उतरतं. सिस्टरने प्रेशर बघितलं. पुन्हा बघितलं. “डॉक्टर, साठच्या वर लागत नाही.”

पुढचं मला सगळं दिसतं, पण ऐकू येत नाही. मी पाय वर उचलायला सांगतोय. सलाइनची सुई शीर सापडत नसल्यामुळे दुसऱ्यांदा लागतेय. आणि दौलत कुणी न सांगता पुढे येतो, फुगा उचलतो, या खेपेला खिडकीकडे न बघता सरळ तिच्या छातीकडे बघून उजव्या बाजूच्या बरगड्या मोजतो आणि मशीन चालू करतो. वीतभर कागद. तो फाडून माझ्या हातात देतो.

चौथ्या जागेची रेघ फणा काढल्यासारखी वर उठली होती.

म्हणजे हृदयाचा उजवा कप्पाच लुळा पडला होता. अशा वेळी तो कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून असतो, आणि ती गोळी नेमकं तेच रक्त अंगभर पसरवून टाकते. टोकाच्या वावराला आधीच पाणी पुरत नसताना मधली दारं उघडून द्यावीत, तसं. या पेशंटला गोळी द्यायची नसते. भरपूर सलाइन द्यायचं असतं. आधी.

मी ती पट्टी कोटाच्या खिशात घातली.

तिला गाडीत चढवताना दौलतने बांधलेली गॉजची गाठ सुटली आणि कोपराशी दाटलेली सगळी काकणं एकदम मनगटावर घसरली. तो आवाज मात्र मला ऐकू आला.

कालव्याच्या मोठ्या पुलापाशी, जिल्हा अजून वीस मैल असताना, ती गेली. गाडी तिथूनच मागे फिरली.

तिचा भाचा पंचायत समितीत होता. त्याने अर्ज केला. आठव्या दिवशी जिल्ह्याहून एक मोठे डॉक्टर चौकशीला आले. शांत, चष्मा पुसत बोलणारे गृहस्थ. शिंत्र्यांच्या खोलीत बसले, कागद वाचले, पहिली पट्टी वर धरून बघितली.

“निदान बरोबर आहे,” ते म्हणाले. “उजवी नळी. छान ओळखलंत. मग उजवीकडची पट्टी कुठे आहे?”

खोलीत पंखा फिरत होता. दौलत दाराशी उभा होता, पाठीमागे हात बांधून. माझा कोट माझ्या अंगावर होता. खिशात कागद होता.

“उजवीकडची काढली असती तर गोळी दिली नसतीत ना?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग का नाही काढली?”

मी शिंत्र्यांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. मी म्हणालो, “मी सांगितलं होतं. काढली गेली नाही.”

किती बेमालूम वाक्य होतं ते. काढली गेली नाही. त्यात कुणाचं नावच नव्हतं.

मोठे डॉक्टर दाराकडे वळले. “काय हो? सांगितलं होतं तुम्हाला?”

दौलतने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तो जसा बायकांच्या छातीवरून नजर वळवायचा, तशी त्याने माझ्यावरून वळवली. खिडकीकडे, पाटाकडे.

“हो साहेब,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

त्याला मशीनवरून काढलं. डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात स्टोअरला बदली झाली. मलमाचे डबे, गॉजच्या गुंडाळ्या. जायच्या दिवशी मी आजारी म्हणून घरी थांबलो. आठ महिन्यांनी पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली आणि मी ते गाव सोडलं.

मी हृदयाचा डॉक्टर झालो. आता शिकवतो. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी ही गोष्ट सांगत आलोय. फळ्यावर हृदय काढतो, उजवी नळी खडूने पुसतो आणि म्हणतो, “खालच्या भिंतीचा झटका दिसला की हात आपोआप उजवीकडे गेला पाहिजे. एका गावात टेक्निशियनने ती पट्टी काढली नाही, आणि एक कासारीण गेली.” मुलं लिहून घेतात. गेली वीस वर्षं लिहून घेतायत.

यंदा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचं नाव मृण्मयी, वर्गात कमी बोलणारी.

“सर, त्या टेक्निशियनचं पुढे काय झालं?”

“बदली झाली.”

“त्यांना ठाऊक नव्हतं का, उजवीकडची काढायची असते ते?”

मी घड्याळाकडे बघितलं आणि तास संपवला. अजून बारा मिनिटं होती.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली.

दौलतचं घर शोधायला वेळ लागला नाही. पाटाच्या कडेला, दारात शेवग्याचं झाड. तो ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होता. सत्तरी उलटलेली, अंग वाळलेलं, नजर तीच. मला बघून सूप बाजूला ठेवून उठला.

“साहेब,” तो म्हणाला. नाव नाही विचारलं. “या, बसा. मोठे झालात.” मग खालपासून वरपर्यंत बघून, “पोटबी.”

मी बसलो. सुनेने चहा आणला. चहा होईपर्यंत त्यानेच गोष्टी काढल्या. शिंत्रे वारल्याचं त्याला ठाऊक होतं. जोसेफिन सिस्टर मुलीकडे गेल्या. मशीन आता कुठलं असतं, फुगा असतो का अजून, असं विचारलं. चिकटायचे गोल कागद असतात म्हटल्यावर म्हणाला, “काकणं सरकवायला लागत असतील की तरी.”

“लागतात,” मी म्हणालो. “पण कुणी सरकवत नाही. उतरवायला सांगतात.”

“हं.”

मी कप खाली ठेवला. रस्त्याने वाक्यं जुळवत आलो होतो, ती सगळी पाटात वाहून गेल्यासारखी झाली.

“दौलतराव, मी त्या दिवशी चौकशीत खोटं बोललो.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याला खरंच हसू आलं. “ते मला कळलंच की साहेब. मी तिथंच उभा होतो.”

“तुम्ही हो का म्हणालात?”

त्याने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एक शेंग उकलली, दाणे टाकले, दुसरी उकलली.

“ती नव्हती काढली ना मी? मग?”

“मी नको म्हणालो होतो.”

“तुम्ही म्हणालात. हात माझा होता.” त्याने टरफलं बाजूला टाकली. “बाप माझा पाटकरी. एकदा साहेबांनी सांगितलं म्हणून त्यानं टोकाच्या दाराला पाणी सोडलं नाही. एका रांडमुंड बाईचा भुईमूग जळाला. साहेब बदलून गेला. बाप मरेस्तवर त्या वावराकडून गेला नाही. मी म्हणायचो, बा, तुझी काय चूक, हुकूम होता. तो म्हणायचा, साहेबाला वावर ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक त्याच्यावर असतं ते.”

पाटात पाणी होतं. त्याचा आवाज येत होता.

मी खिशातून पाकीट काढलं, त्यातून तो कागद. वीतभर. सव्वीस वर्षं मी तो एका जाड पुस्तकात ठेवला होता. गुलाबी चौकटी उरल्या होत्या, रेघ जवळजवळ उडून गेलेली. दौलतने सूप खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. उजेडाकडे तिरका धरला. मग एक बोट अगदी हळू कागदावरून नेलं, जसं आंधळं माणूस भिंत चाचपतं.

“ही चौथी,” तो म्हणाला. “उठलीय बघा.”

मला तिथं काहीच दिसत नव्हतं.

“मला वाटलं गाडीत कुठं पडली.” तो कागद त्याने परत दिला नाही. “मी त्या बोळात गेलो नाही साहेब, तेव्हापासून. कासारांच्या. पोरीच्या लग्नात चुडा भरायचा होता, सगुणाक्काची लेकच भरते आता, घरातली सगळी म्हणत होती, तिलाच बोलवू. मी दुसऱ्या गावाहून कासार आणला. बायको मरेपर्यंत विचारत राहिली का म्हणून. काय सांगू? मला ठाऊक होतं आणि मी फुगा खाली ठेवला. नोकरीला भ्यालो. बास.”

सून कप न्यायला आली, आमच्याकडे बघून तशीच आत गेली.

“तुमचा काही राग नाही मला,” दौलत म्हणाला. मला धीर द्यावा तशा आवाजात. “खरंच नाही. तुम्ही पोरसवदा होता. कॉलेजात सगळंच शिकवत्यात असं थोडंच. नव्हतं ठाऊक, म्हणून नको म्हणालात. ठाऊक नसलेल्या माणसाला कोण काय म्हणणार. आपण ते तिथंच सोडू.”

त्याने दार उघडं करून ठेवलं होतं. मी उठून, पाया पडून, निघून जाऊ शकलो असतो. घरी जाताना हलकंही वाटलं असतं. सव्वीस वर्षं मी स्वतःला हेच तर सांगत आलो होतो, की घाई होती, नवा होतो, सुचलं नाही. आणि त्या सांगण्याच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस शेंगा सोलत बसला होता, एकट्याने ठाऊक असल्याचं ओझं घेऊन, एक अख्खा बोळ टाळत.

“दौलतराव,” मी म्हणालो.

“बोला.”

“माझ्या कॉलेजच्या वहीत ते लाल शाईने लिहिलेलं होतं. खालची भिंत दिसली की आधी उजवीकडची पट्टी, मग गोळी. आमचे सर परीक्षेत पहिला प्रश्न तोच विचारायचे.”

त्याचं बोट कागदावर थांबलं.

“खिडकीपाशी मी पट्टी बघितली तेव्हाच माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. दौलत, उजवीकडची काढ. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आक्कांनी तुम्हाला विचारलं, तू बघितली का. आणि मग तुम्ही म्हणालात.”

तो माझ्याकडे बघत होता. या वेळी त्याने नजर वळवली नाही. मलाही वळवता आली नाही.

“मला ठाऊक होतं, दौलतराव,” मी म्हणालो. “तुम्ही आधी बोललात, म्हणून मी नको म्हणालो.”